हापूस या मशीनला देऊ नका

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचेपर्यंत कुणाचे आंबे वाया जायला नकोत. सॉफ्टीच्या मशीनमध्ये हापूस घालू नका.

वेंगुर्ल्यात बसून हे लिहायला जरा धाडस लागतं. आमच्याकडे हापूसबद्दल वाकडा शब्द खपत नाही, मे महिन्यात तर मुळीच नाही. पण मी हापूसच्या बाजूनंच बोलतेय. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते आणि वास दबून राहतो. हापूसचं सगळं मोठेपण तर त्या वासातच. अढीतून काढलेला, देठाशी जरा सुरकुतलेला हापूस माजघरात कापला की पडवीत बसलेल्याला कळतं. तोच उणे पाच अंशांवर नेला की नुसतं गोड, पिवळं, गुळगुळीत काहीतरी उरतं. मुंबईचे पाहुणे तरीही "वा, मँगो" म्हणतात, कारण त्यांना रंग दिसतो. सॉफ्टीला रायवळ घाला. आंबट-गोड, उग्र वासाचा, दोऱ्यांनी भरलेला, चाळणीतून गाळताना मनगट दुखवणारा रायवळ. तो थंडीला दबत नाही. शिवाय तो झाडाखाली पडलेला मिळतो, त्याला पेटीचा भाव द्यावा लागत नाही.

मशीन आमच्याकडे आलं ते भाच्यामुळे. नणंदेचा मुलगा, ठाण्याला असतो, मे महिन्यात बायको-पोरांना घेऊन येतो. त्यानं गाडीच्या डिकीतून खोका काढला आणि म्हणाला, "मामी, आता पोरांना सॉफ्टीसाठी बाजारात न्यायला नको. घरातच करायची." या "घरातच"चा अर्थ "मामीनं करायची" असा आहे, हे मला तिथेच अंगणात कळलं. पण मला यंत्रांची आवड आहे. घरातला मिक्सर, पाण्याचा पंप, शिलाई मशीन, सगळं मीच उघडते. आमचे हे फक्त स्क्रू सांभाळतात.

यंत्र म्हणून ते अगदी साधं आहे. वर झाकण, आत दुहेरी भिंतीचं भांडं, भांड्यात प्लॅस्टिकचं पातं, खाली खटका आणि खटक्याखाली चांदणीच्या आकाराचं तोंड, चकलीच्या सोऱ्याला असतं तसं. भांड्याच्या दोन भिंतींमध्ये एक द्रावण सीलबंद असतं. भांडं आधी फ्रीझरमध्ये ठेवून ते द्रावण दगड होईपर्यंत गोठवायचं, मग त्यात गार मिश्रण ओतून मोटर लावायची. भांडं मिश्रणातली उष्णता ओढून घेतं. पातं भिंतीवर धरलेला बर्फ खरवडून आत मिसळत राहतं आणि फिरता फिरता हवा घुसळतं. वीस-पंचवीस मिनिटांत सॉफ्टी तयार. स्वतःचा कॉम्प्रेसर असलेली यंत्रंही मिळतात. ती दिवसभर घाण्यावर घाणा काढू शकतात, पण त्यांची किंमत ऐकून मी पुढे चौकशी केली नाही.

सॉफ्टी आणि डब्यातलं आइस्क्रीम यांत फरक पडतो तो कुठे थांबायचं यावरून. डब्यातलं आइस्क्रीम उणे अठरा किंवा त्याहून खाली नेऊन कडक करतात. सॉफ्टी उणे चार ते सहाच्या आसपास थेट कोनात पडते. तिच्यात स्निग्धांशही कमी असतो, साधारण तीन ते सहा टक्के. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे बिनविशेषणाचं "आइस्क्रीम" म्हणून विकायचं तर दुधाचा स्निग्धांश किमान दहा टक्के लागतो. हवेचं म्हणाल तर दुकानातल्या यंत्रात एक लिटर मिश्रणाचं दीड लिटरच्या आसपास होतं. घरच्या पात्याला तेवढा जोर नसतो, म्हणून घरची सॉफ्टी जरा दाट आणि जड लागते. मला तीच आवडते. पैसे देऊन हवा का खायची?

अमेरिकेत अशी गोष्ट सांगतात की १९३४ साली टॉम कार्व्हेल नावाच्या आइस्क्रीमवाल्याची गाडी न्यूयॉर्कजवळ पंक्चर झाली. माल मऊ पडायला लागला म्हणून त्यानं तो तिथेच विकला आणि गिऱ्हाइकांना तो मऊ मालच जास्त आवडला. हीच गाडी मे महिन्यात आमच्या घाटीखाली पंक्चर झाली असती तर टायर बदलेपर्यंत बिचाऱ्याला दूध-सरबत विकावं लागलं असतं.

सासूबाईंनी मशीनभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आमचो पॉट काय वायट होतो?"

पॉट म्हणजे लाकडी बादली, मध्ये पत्र्याचा उभा डबा, वर फिरवायचा दांडा. बर्फ बंदरावरच्या कारखान्यातून यायचा, मासळीसाठी बनवलेली लादी गोणपाटात गुंडाळून. मीठ शिरोड्याचं, जाडं. ही तीच मिठागरं, जिथे १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. मीठ पडलं की बर्फ भराभर वितळू लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता तो डब्यातल्या दुधाकडून घेतो. वजनानं तीन भाग बर्फाला एक भाग मीठ, अशा मिश्रणानं उणे वीस-एकवीसपर्यंत खाली जाता येतं. सासूबाईंना अंश ठाऊक नव्हते. डब्यावर पांढरं धरलं की दांडा जड होणार, मग थोरल्या दिराला बसवायचं, एवढं ठाऊक होतं. मशीनच्या भांड्यातलं द्रावण तेच काम करतं, फक्त बर्फ आणि मीठ हाताला लागत नाही.

आणि एका बाबतीत सासूबाईंचं म्हणणं रास्तच आहे. पॉटमध्ये बर्फ-मीठ घालत राहिलं की रात्रभर आइस्क्रीम काढता येतं, लाईट असो वा नसो. या मशीनचा एक घाणा झाला की भांडं थकलं. त्यातून साताठ कोन निघतात, बस. दुसऱ्या घाण्यासाठी भांडं परत फ्रीझरमध्ये, म्हणजे दुसरा दिवस. घरात डझनभर पोरं असताना हा हिशोब कसा बसवायचा ते मशीनबरोबरच्या पुस्तिकेत दिलेलं नाही.

पुस्तिकेत असंही लिहिलंय की भांडं सोळा ते चोवीस तास फ्रीझरमध्ये ठेवावं. ज्यानं लिहिलं त्याच्या घरी फ्रीझर बंद राहत असणार. आमच्याकडे मे महिन्यात फ्रीझरचं दार दर थोड्या वेळानं उघडतं. कुणाला सरबतात बर्फ हवा, कुणाला प्लॅस्टिकच्या नळीतली पेप्सी हवी, कुणी नुसतंच थंड वाऱ्यात तोंड घालून उभा राहतो. त्यात वळवाचा पाऊस आला, तारेवर फांदी पडली की लाईट गेले. लाईट दोन-तीन तास गेले तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावायचं. म्हणून माझी पद्धत घड्याळाची नाही, कानाची. भांडं उचलून कानाशी हलवायचं. आत खळखळ झाली तर ते तयार नाही, गुपचूप परत ठेवायचं. भांड्याच्या दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी भरलेल्या बाटल्या गोठवून लावून ठेवल्या की दार उघडझाप झाली तरी थंडी टिकते. बाटली काठोकाठ भरू नका, गोठताना पाणी फुगतं. भांडं मात्र आत अगदी मागे, दारापासून लांब.

मोटरचं तसं काही नाही. ती मिक्सरपेक्षा किती तरी कमी वीज घेते आणि आमच्या इन्व्हर्टरवर बिनतक्रार चालते. म्हणजे भांडं एकदा नीट गोठलेलं असलं की लाईट नसतानाही सॉफ्टी होते. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा जिल्ह्यात कितीतरी ठिकाणी दिवसच्या दिवस लाईट नव्हते. तसल्या वेळी मात्र पॉटच जिंकेल, हे मी सासूबाईंना कबूल करून टाकलंय.

फ्रीझरमधली खरी लढाई मासळीशी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्याआधीच्या आठवड्यांत इथल्या घरोघरी फ्रीझर भरतात. सुरमईच्या तुकड्या, साफ केलेले बांगडे, सोललेली कोलंबी. ऐन त्याच दिवसांत चाकरमान्यांची पोरं घरात आणि हे भांडं म्हणजे एक अख्खा कप्पा. "बांगडे खंय ठेवचे?" हा प्रश्न सासूबाई मला नाही विचारत, भाच्याला विचारतात. त्याच्याकडे उत्तर नसतं. आता वाटणी ठरली आहे. मासळी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत, भांडं दोन पिशव्यांत बांधून, तोंडाला गाठ मारून. दुधा-तुपाचा पदार्थ आजूबाजूचा वास लगेच धरतो. व्हॅनिलाच्या मागून बांगड्याचा सुगावा लागलेला खवय्या पुन्हा तुमच्या सॉफ्टीकडे फिरकणार नाही, मग तो कितीही मालवणी असो.

आता मिश्रण. पुस्तिकेतली मिश्रणं क्रीमवर उभी आहेत, आणि क्रीम आमच्या बाजारात हवं तेव्हा मिळेलच असं नाही. दुधाची साधी सॉफ्टी करायची तर मी अर्धा लिटर सहा टक्क्यांचं फुल क्रीम दूध घेते, त्यात पाकिटातलं फ्रेश क्रीम अर्धी वाटी, दुधाची पावडर तीन मोठे चमचे, साखर शंभर ग्रॅम आणि कॉर्नफ्लोअर एक मोठा चमचा. कॉर्नफ्लोअर गार दुधात कालवून मग उकळत्या दुधात. पावडर अशासाठी की ती मोकळं पाणी बांधून ठेवते. मोकळं पाणी राहिलं की त्याचे खडे होतात आणि दाताखाली येतात. जीएमएस आणि सीएमसी या मिश्रण एकजीव आणि दाट ठेवणाऱ्या पावडरी घालूनही छान होतं, घरी आइस्क्रीम करणाऱ्या बायकांना त्या माहीत असतातच. मी घालत नाही, कारण त्यासाठी सावंतवाडीला जावं लागतं.

पण खरं सांगायचं तर या किनाऱ्यावर हे मशीन नारळाच्या दुधासाठी आहे. हे माझं ठाम मत आहे आणि यावर मी भाच्याशीही वाद घालते, ज्याला सगळ्यात चॉकलेट हवं असतं.

दोन मध्यम नारळ खवायचे. खोबरं करवंटीपर्यंत खरवडू नका, तपकिरी साल आली की दूध मळकट होतं. दीड वाटी कोमट पाणी घालून मिक्सरमधून काढायचं आणि सुती पंचातून पिळायचं. हा जाड रस. चोथ्यात आणखी वाटीभर पाणी घालून दुसऱ्यांदा पिळायचं, तो पातळ रस. दोन्ही वेगळे ठेवायचे. पातळ रस गॅसवर चढवून त्यात साखर शंभर-सव्वाशे ग्रॅम, चिमूटभर मीठ, दोन छोटे चमचे आरारूट, आणि जरा दाट झाला की उतरवायचा. जाड रस उकळायचा नाही, तो फुटतो, तेल वर येतं. पातळ रस कोमट झाल्यावर त्यात जाड रस मिसळायचा. बरोबर मूठभर काजूचा तुकडा तासभर भिजवून गंधासारखा वाटून घालते. वेंगुर्ल्यात काजूचे कारखाने असल्यामुळे अख्ख्यापेक्षा तुकडा स्वस्तात मिळतो आणि वाटायला अख्खा काजू वापरणं हा शुद्ध माज आहे. काजूनं अंग येतं.

मग हे मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे. दुधाचं असो वा नारळाचं, चार तास तरी मुरलंच पाहिजे. त्या वेळात स्निग्धांश घट्ट होतो, पिठूळपणा जिरतो आणि नंतर हवा धरून ठेवायची ताकद येते. नारळाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. सकाळी वर पांढरा कडक थर आलेला असतो. ते खोबरेल आहे, चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली ते गोठतंच. तो थर काढून टाकू नका आणि तसाच मशीनमध्येही घालू नका. मिक्सरमधून एकदा फिरवून मग ओता, नाहीतर पातं त्याचे दाणे करतं आणि टाळूला मेणचट लागतं. जाड रस फार घातला तरी मेणचटपणा येतो. जाड दोन भाग, पातळ एक भाग, याच्या वर मी जात नाही.

भांडं निम्म्याहून थोडं जास्तच भरायचं, कारण मिश्रण फुगतं. आणि ओतण्याआधी मोटर चालू करायची, नंतर नाही. थांबलेल्या पात्याभोवती मिश्रण ओतलं की ते भिंतीला क्षणात चिकटतं आणि पातं अडतं.

साखर गुळानं बदलली आणि वेलची घातली की रसातल्या शिरवाळ्यांच्या, म्हणजे नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवयांच्या, रसाची चव येते. गूळ पातळ रसात विरघळवून गाळून घ्या, खडे निघतात. गाईम्हशीचं दूध गुळाबरोबर उकळताना फुटण्याची भीती असते, नारळाच्या दुधाला ती नाही. गुळाचा घाणा साखरेच्या घाण्यापेक्षा मऊ राहतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटं जास्त फिरवावा लागतो. ही सॉफ्टी सासूबाईंना पहिल्यांदा वाटीत दिली तेव्हा त्यांनी पॉटचा विषय काढला नाही. "वायच आजून घाल," एवढंच म्हणाल्या.

साखरेचं प्रमाण मनानं कमी करू नका. डायबिटीसवाल्यांसाठी म्हणून निम्मी साखर घातली की गोडीबरोबर मऊपणाही जातो. साखर पाण्याला गोठू देत नाही, तिच्यामुळेच तर ते कोनात वळतं. कमी पडली तर बर्फ भिंतीला धरतो आणि मोटर कण्हायला लागते. जास्त झाली तर अर्धा तास फिरवूनही नुसतं दाट सरबत. कोमट मिश्रण चाखताना ते आपल्याला हवं त्याहून किंचित जास्त गोड लागलं, म्हणजे थंड झाल्यावर बरोबर होतं. डायबिटीसवाल्यांना अर्धा कोन द्यावा.

कोकम घालायचं तर दुधात अजिबात नको, आंबटपणानं दूध नासतं. नारळाच्या दुधाशी मात्र कोकमाची सोयरीक जुनीच आहे. अमृत कोकमाचं सरबत पाव वाटी घातलं की गुलाबी, आंबट-गोड सॉफ्टी होते. लसूण-मिरचीशिवायची सोलकढी गोड करून गोठवली असं समजा. आगळ, म्हणजे कोकमाचा नुसता खारवलेला रस, वापरू नका, त्यात मीठ असतं. आणि अमृत कोकमात आधीच भरपूर साखर असल्यामुळे मिश्रणातली साखर तेवढी कमी करा. मागच्या गणपतीत भजनाला आलेल्या मंडळींना उसळ-पावानंतर हीच वाटीवाटीनं दिली. पखवाजवाल्यानं दुसऱ्यांदा मागितली आणि पुढचा गजर जरा उशिरा सुरू झाला.

फणस बरका घ्या, कापा नको. बरक्याचे गरे तसेही हातातून निसटतात, चाळणीवर घासले की रस सुटतो. साठं, म्हणजे फणसपोळी, घालायला फणस फोडलेला असतोच, त्यातलाच वाटीभर रस बाजूला काढायचा. एक वाटी रसाला दोन वाट्या नारळाचं दूध. वास एवढा उग्र की थंडीचंही काही चालत नाही. पुण्याची सून दुसऱ्या खोलीत जाऊन बसली, हे मान्य. पण ज्यांना फणस आवडतो त्यांनी त्या दिवशी जेवण नको म्हटलं.

आंब्यात रायवळ नाही मिळाला तर "रत्ना" चालतो. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आमच्या वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रानं काढलेली ही जात १९८१ सालची. गर दाट, दोरे नाहीत. कोणताही आंबा असो, रस थोडा आटवून, गार करून मगच घाला. आंब्यात पाणी फार असतं, आणि पाणी म्हणजे बर्फाचे खडे. करवंदं, जांभळं आत घालण्यापेक्षा साखरेत शिजवून, गाळून वर ओतायला ठेवलेली बरी. जांभळाची तुरट चव सॉफ्टीच्या पोटात गेली की फक्त जांभळा रंग उरतो.

हवेबद्दल बोलायलाच हवं. आमचे पस्तीस अंश आणि सोलापूरचे चाळीस यांत सॉफ्टी कुठे लवकर वितळेल यावर भाच्यानं पैज लावली होती. पैज काही लागली नाही, कारण सोलापूरला जाणार कोण? पण कारण साधं आहे. इथल्या दमट हवेतली वाफ थंड सॉफ्टीवर पाणी होऊन बसते आणि बसताना आपल्यातली उष्णता तिथेच सोडते. कोरड्या हवेत हा ताप नाही. म्हणून सॉफ्टी काढताना पंखा बंद करायचा. पोरं ओरडतात, ओरडू देत. वारा जितका जास्त तितकी ओली हवा सॉफ्टीवर आपटणार. खटका ओढताना मोटर चालूच ठेवायची. पहिली वळकटी पातळ येते, ती परत भांड्यात टाकायची, मग कोन तोंडाखाली धरून मनगटातून फिरवायचा. आमच्या घरात हे सर्वांत सुबक माझ्या धाकट्या पुतणीला जमतं. तिला कुणी शिकवलं नाही, चकल्या पाडून पाडून हात बसलाय.

कोनाचं पाकीट फोडलं की संध्याकाळपर्यंत कोन मऊ पडतात. पापडाच्या डब्यात ठेवा. पडलेच तर मंद तव्यावर मिनिटभर फिरवून गार करा, पुन्हा कुरकुरीत होतात. पण मला विचाराल तर कोनापेक्षा फ्रीझरमध्ये गार केलेली स्टीलची वाटी बरी. करवंटीत घालून देण्याची टूम पर्यटकांच्या हॉटेलांतून आली आहे, फोटोला छान दिसते. करवंटी डळमळते आणि सॉफ्टी मांडीवर येते. वरून घालायला माझ्या मते मालवणी खाजा कुटून घालावा. गूळ आणि आल्याची चव, आणि थंडीतही कुरकुरीत राहतो. जत्रेतून आणलेला खाजा आठवड्यानं कुणी विचारत नाही, तो असा संपतो.

घ्यावं का हे मशीन? चार माणसांच्या घरात, वर्षातून दोनदा हौस येणार असेल तर नको, माळ्यावर जाईल. ज्यांच्याकडे मे आणि गणपतीत घर भरतं आणि फ्रीझरचा एक कप्पा भांडून मिळवता येतो, त्यांनी घ्यायला हरकत नाही. नसेल घ्यायचं तर तेच मिश्रण पसरट डब्यात गोठवा, दर तासाला काट्यानं मोडा, शेवटी मिक्सरमधून फिरवा आणि फ्रीझरमध्ये गार केलेल्या पितळी सोऱ्यात चांदणीची चकती लावून वाटीत पाडा. हात गारठतात, पण वळण मशीनपेक्षा ठसठशीत येतं. फक्त घाई करायला हवी, आणि सोऱ्या फिरवणारा वेगळा, वाटी धरणारा वेगळा.

धुण्याचं थोडक्यात सांगते. आधी गार पाण्यानं, मग कोमट साबणाच्या पाण्यानं. चांदणीच्या तोंडात बाळाच्या बाटलीचा ब्रश घाला, तिथे दूध अडकतं आणि रात्रीत आंबतं. भांड्यात लोखंडी उलथनं, चमचा खरवडायला घेऊ नका. आणि ते पूर्ण कोरडं झाल्याशिवाय फ्रीझरमध्ये नको, राहिलेलं पाणी भिंतीवर गोठून बसतं. यात आळस केला तर मशीनच्या आधी लाल मुंग्या खबर देतात.

राहिलं चॉकलेट, कारण भाचा वाचणार आहे. दोनशे ग्रॅम डार्क चॉकलेट उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात वितळवायचं आणि त्यात तीन मोठे चमचे घाण्याचं ताजं खोबरेल घालायचं. केसांना लावतो ते वासाचं नव्हे. मिश्रण अगदी गार होऊ द्यायचं, पण पातळ राहिलं पाहिजे, आणि आमच्या हवेत ते राहतंच. सॉफ्टी गच्च काढलेली हवी. कोन उलटा धरून पटकन बुडवायचा, तसाच उलटा धरून जास्तीचं गळू द्यायचं, मग सुलटा. सॉफ्टीला लागताच खोबरेल गोठतं आणि वर कडक टरफल धरतं. उरलेलं चॉकलेट रुंद तोंडाच्या बरणीत भरून ओट्यावर ठेवा. फ्रीजमध्ये ठेवलंत तर दगड होईल आणि कुणीतरी ते सुरीनं फोडायला जाईल.